हान्स बेथे आणि रेल्वेतली गणितं: खरं किती, आणि फळ्यावर कशी मांडायची?

पारिजातक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात हान्स बेथे (१९०६–२००५) यांच्यावर पाऊण तासाचं व्याख्यान द्यायचं आहे. श्रोते टीवायबीएस्सी आणि एमएस्सी पहिल्या वर्षाचे. जन्म, शिक्षण, नोबेल अशी यादी वाचून दाखवण्यात काही राम नाही. त्यांनी केलेलं निदान एक गणित फळ्यावर शेवटच्या आकड्यापर्यंत न्यायचं आहे.

तयारी करताना लक्षात आलं की बेथेंच्या बहुतेक मोठ्या कामामागे एक रेल्वेप्रवास सांगितला जातो. ड्यूटेरॉनचं (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून झालेल्या केंद्रकाचं) गणित केंब्रिजहून मँचेस्टरला जाताना, ताऱ्यांच्या ऊर्जेचं वॉशिंग्टनहून परतताना, आणि लँब शिफ्टचं (हायड्रोजनच्या दोन ऊर्जा पातळ्यांमधल्या छोट्याशा अंतराचं) न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला जाताना. तीनही गोष्टी खऱ्या आहेत का? एवढी गणितं डब्यात बसून खरंच होतात का? आणि ताऱ्यांत हायड्रोजनचं हेलियम होण्याच्या दोन मार्गांपैकी, प्रोटॉन-प्रोटॉन साखळी आणि कार्बन चक्र, सूर्य मुख्यतः पहिल्यावर चालत असेल, तर नोबेलच्या संदर्भात कार्बन चक्राचंच नाव का घेतात? होमी भाभांशी बेथेंचा नेमका काय संबंध, हेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

---

त्रिज्या

तीनपैकी दोन खऱ्या, मधली रंगवलेली. ताऱ्यांची गोष्ट जॉर्ज गॅमो यांनी खुलवून सांगितली: परतीच्या गाडीत जेवण वाढलं जाईपर्यंत बेथेंनी उत्तर काढलं, वगैरे. बेथेंनी स्वतः हे नाकारलं होतं. मार्च १९३८ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर इथाकाला परत आल्यावर, कॉर्नेलमधल्या टेबलावर ते काम झालं आणि त्याला काही आठवडे लागले. व्याख्यानात ही गोष्ट सांगायचीच असेल तर गॅमोंची म्हणून सांगा.

आता माणसाबद्दल. जन्म २ जुलै १९०६, स्ट्रासबुर्ग, तेव्हा जर्मनीत. वडील शरीरक्रियाशास्त्रज्ञ. शिक्षण फ्रँकफुर्ट आणि मग म्युनिकला आर्नोल्ड सोमरफेल्ड यांच्याकडे. १९२८ ची डॉक्टरेट स्फटिकांमधल्या इलेक्ट्रॉन विवर्तनावर. पुढे शिष्यवृत्तीवर केंब्रिज आणि रोम. सोमरफेल्डकडून गणिताची शिस्त आणि रोमला फर्मीकडून झटपट अंदाज बांधण्याची सवय, असं त्यांचं घडणं होतं. या मिश्रणाशिवाय रेल्वेतली गणितं समजणार नाहीत, तेव्हा फर्मींना व्याख्यानात दोन मिनिटं जरूर द्या.

१९३० ते १९३२ या काळात दोन कामं झाली, ती आजही रोज वापरली जातात. पहिलं, वेगवान प्रभारित कण पदार्थातून जाताना किती ऊर्जा गमावतो याचं सूत्र. दुसरं, एका रेषेत मांडलेल्या चुंबकीय फिरकींच्या साखळीचं अचूक उत्तर (१९३१). त्यातली युक्ती आज ‘बेथे अँझॅट्झ’ म्हणून ओळखली जाते.

१९३२ अखेर ट्युबिंगेनला नोकरी लागली आणि एप्रिल १९३३ मध्ये गेली. नाझी सरकारने सरकारी नोकऱ्यांबाबत कायदा केला. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असेल तरी माणूस ‘अनार्य’ ठरत असे. बेथेंच्या आईचे आईवडील दोघेही ज्यू होते. पुढे मँचेस्टर (रुडॉल्फ पायर्ल्स यांच्या घरी मुक्काम), मग ब्रिस्टल, आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये कॉर्नेल. युद्धकाळ सोडला तर तिथून ते शेवटपर्यंत हलले नाहीत. निधन ६ मार्च २००५, इथाका.

एक गोष्ट मात्र अजिबात गाळू नका. १९३६–३७ मध्ये त्यांनी रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्समध्ये तीन लांबलचक लेख लिहिले. पहिला बाखर यांच्यासोबत, दुसरा एकट्याने, तिसरा लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत. अणुकेंद्रकाबद्दल तेव्हा जे जे ठाऊक होतं ते सगळं त्यात तपासून, जुळवून, जिथे प्रयोगाचे आकडे चुकले होते तिथे तसं सांगून मांडलं होतं. लोक त्याला ‘बेथेंचं बायबल’ म्हणत. मार्च १९३८ मध्ये ताऱ्यांचा प्रश्न समोर आला तेव्हा हलक्या केंद्रकांच्या साऱ्या अभिक्रिया त्यांच्या डोक्यात तयार होत्या. काही आठवड्यांत उत्तर आलं ते या तयारीमुळे.

---

कोकणकडा

पहिली गाडी मी घेतो, कारण हे गणित फळ्यावर दहा मिनिटांत होतं.

१९३४. केंब्रिजमध्ये चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी गॅमा किरणांनी ड्यूटेरॉन फोडला होता. थोरियमच्या साखळीतला २.६२ एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा) गॅमा, ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा २.२२ एमईव्ही, उरलेले ०.४ एमईव्ही प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये निम्मे निम्मे. चॅडविकनी बेथे आणि पायर्ल्सना डिवचलं की याचा सिद्धांत तुम्हाला जमणार नाही. मँचेस्टरला पोचेपर्यंत दोघांनी तो केला. ही हकिगत खुद्द पायर्ल्स यांनी सांगितलेली आहे.

हे डब्यात शक्य का झालं, तर केंद्रकीय बलाचा तपशील लागतच नाही.

पायरी १. ड्यूटेरॉन फार सैल बांधलेला आहे. त्याचं लहरफलन बलाच्या पल्ल्याबाहेर ‘घातांकी घट भागिले अंतर’ असं असतं. घटीची लांबी = १९७.३ ÷ √(९३८.९ × २.२२५) = १९७.३ ÷ ४५.७ = ४.३२ फेम्टोमीटर. बलाचा पल्ला याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून पल्ला शून्य धरून चालून जातं. इथे मुलं हमखास चुकतात: न्यूनीकृत वस्तुमान हे न्यूक्लिऑनच्या निम्मं असतं, त्यामुळे मूळ सूत्रातला २ कापला जातो. तो ठेवला तर लांबी ३.०५ येते आणि पुढचं सगळं बिघडतं.

पायरी २. फुटल्यानंतरची अवस्था पी-तरंग. त्यावर बलाचा परिणाम नगण्य, म्हणून मुक्त कणाचं लहरफलन घ्या.

पायरी ३. विद्युत द्विध्रुवाचं समाकलन केलं की काटछेद (अभिक्रिया घडण्याची शक्यता क्षेत्रफळात सांगणारी संख्या) असा येतो: (८ × पाय ÷ ३) × (१÷१३७) × लांबीचा वर्ग × (क्ष − १) चा दीड घात ÷ क्ष चा घन. इथे क्ष म्हणजे फोटॉनची ऊर्जा भागिले बंधनऊर्जा.

पायरी ४. महत्तम कुठे ते काढा. उत्तर नेटकं येतं, क्ष = २, म्हणजे ४.४५ एमईव्ही. तिथे शेवटचा घटक १÷८. आकडे घाला: ८.३८ × १८.६ ÷ १३७ ÷ ८ = ०.१४२ वर्ग फेम्टोमीटर, म्हणजे १.४ मिलिबार्न.

मोजलेलं मूल्य सुमारे २.४ मिलिबार्न. शिखराची जागा बरोबर, उंची कमी. इथे थांबू नका, कारण चूक कुठून आली हे दाखवणं हीच खरी गंमत आहे. शून्य पल्ल्यामुळे लहरफलनाचं प्रसामान्यीकरण थोडं चुकतं. बलाचा ‘परिणामी पल्ला’ (effective range) १.७५ फेम्टोमीटर धरला तर दुरुस्तीचा गुणक १ ÷ (१ − १.७५÷४.३२) = १.६८. गुणा, २.४ येतात.

एक सावधगिरी: उंबरठ्याच्या अगदी जवळ हे सूत्र कमी पडतं, कारण तिथे चुंबकीय द्विध्रुवाचा वाटा मोठा असतो. म्हणून तुलना शिखरावरच करा.

---

अर्धायू

ताऱ्यांचं मी सांगतो. थोडं लांबेल, पण प्रश्नातला ‘कार्बन चक्रच का’ हा भाग बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितलेला दिसतो.

आधी श्रेय नीट वाटून द्या. केंद्रक एकत्र येऊन तारे तळपतात ही कल्पना बेथेंची नव्हे. गॅमोंच्या सुरुंगन (ऊर्जा कमी असूनही कण अडथळ्यापार जाणं, tunnelling) सिद्धांतावर (१९२८) बेतून अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी १९२९ मध्येच गणित मांडलं होतं. कार्बन चक्र वाइत्सॅकर यांनीही जर्मनीत स्वतंत्रपणे सुचवलं. प्रोटॉन-प्रोटॉन अभिक्रियेचा वेग बेथेंनी चार्ल्स क्रिचफील्ड यांच्यासोबत काढला (१९३८). बेथेंचं वेगळेपण हे की त्यांनी प्रत्येक अभिक्रियेचा वेग काढला, तो ताऱ्याच्या तेजाशी ताडून पाहिला, आणि न जुळणाऱ्या अभिक्रिया एकेक करून बाद केल्या.

वॉशिंग्टनला स्ट्रॉमग्रेन यांनी सांगितलं की सूर्यात हायड्रोजन भरपूर असल्याने गाभ्याचं तापमान आधी मानलं जात होतं तसं ४ कोटी नसून दीड कोटी अंशांच्या आसपास आहे. त्या तापमानाला प्रोटॉन-प्रोटॉनचा वेग सूर्याच्या तेजाशी जुळला. अडचण मोठ्या ताऱ्यांची होती. व्याधाचं गाभ्याचं तापमान सूर्यापेक्षा फार जास्त नाही, तेज मात्र वीसपटीहून अधिक. प्रोटॉन-प्रोटॉन इतक्या झपाट्याने वाढत नाही. म्हणजे तापमानाला कितीतरी जास्त संवेदनशील असं दुसरं काहीतरी हवं.

हे फळ्यावर असं दाखवा. वेग तापमानाच्या कोणत्या घातावर अवलंबून आहे ते काढायला आधी एक संख्या: ४२.५ × घनमूळ(दोन्ही प्रभारांचे वर्ग × न्यूनीकृत वस्तुमान ÷ तापमान दशलक्ष केल्विनमध्ये). त्यातून २ वजा करून ३ ने भागलं की घात मिळतो.

सूर्याचा गाभा १५.७ दशलक्ष केल्विन. प्रोटॉन-प्रोटॉनसाठी प्रभार १ आणि १, न्यूनीकृत वस्तुमान ०.५. संख्या येते १३.५, घात ३.८. प्रोटॉन-नायट्रोजन-१४ साठी प्रभार १ आणि ७, न्यूनीकृत वस्तुमान ०.९३३. संख्या ६०.६, घात १९.५. तापमान १० टक्के वाढवा: पहिली अभिक्रिया १.४४ पट, दुसरी ६.४ पट. वर्गात हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की व्याधाचं कोडं सुटतं. (घात स्वतः तापमानाबरोबर बदलतो, तेव्हा १९.५ हा आकडा सगळ्या ताऱ्यांना लावू नका.)

आता चक्र. कार्बन-१२ प्रोटॉन घेऊन नायट्रोजन-१३ होतो, १.९४ एमईव्ही. त्याचा पॉझिट्रॉन-ऱ्हास, अर्धायू सुमारे १० मिनिटं, कार्बन-१३ मिळतो, २.२२. तो प्रोटॉन घेऊन नायट्रोजन-१४ होतो, ७.५५. पुन्हा प्रोटॉन, ऑक्सिजन-१५, ७.३०. ऱ्हास, अर्धायू १२२ सेकंद, नायट्रोजन-१५, २.७५. शेवटचा प्रोटॉन घेतल्यावर ते कार्बन-१२ आणि हेलियम-४ मध्ये फुटतं, ४.९७. बेरीज २६.७३ एमईव्ही, चार प्रोटॉनचं एक हेलियम होताना मिळायला हवी तेवढीच. त्यातले सरासरी १.७ एमईव्ही न्यूट्रिनो घेऊन जातात.

बेरीज करताना मुलांचे २.०४ एमईव्ही हरवतात. कारण एकच: पॉझिट्रॉन नष्ट होताना मिळणारे १.०२ एमईव्ही दोन्ही ऱ्हासांत धरलेले नसतात.

बेथे कार्बनपाशीच का थांबले? त्यांनी हलकी मूलद्रव्यं क्रमाने तपासली. लिथियम, बेरिलियम, बोरॉन फार लवकर जळतात आणि परत तयार होत नाहीत, शिवाय मुळात दुर्मीळ. कार्बन मात्र शेवटी जसाच्या तसा परत मिळतो. चक्रातली सर्वांत संथ पायरी नायट्रोजन-१४ ची. एकतर प्रभार ७, शिवाय अभिक्रिया विद्युतचुंबकीय, फोटॉन बाहेर टाकणारी. नायट्रोजन-१५ चा प्रभारही ७च, पण तिथे हेलियम बाहेर पडतं, तीव्र बलाची अभिक्रिया, म्हणून ती झटकन होते. परिणामी चक्र चालू असलेल्या भागात बहुतेक कार्बनचं नायट्रोजन-१४ होऊन साचतं. लाल राक्षसी ताऱ्यांच्या पृष्ठभागावर नायट्रोजन जास्त दिसतं, ते याच कारणाने.

सूर्याबाबत बेथेंचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९३९ च्या निबंधात त्यांनी सूर्यालाही कार्बन चक्रच लावलं होतं. त्यांनी धरलेलं तापमान थोडं जास्त आणि नायट्रोजनचं प्रमाण आजच्यापेक्षा खूपच जास्त होतं. घात वीसच्या घरात असताना तापमानातली थोडीशी चूक किती महाग पडते हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच. आजचा हिशेब: सूर्यात चक्राचा वाटा सुमारे १ टक्का, आणि सूर्याच्या साधारण १.३ पट वस्तुमानापुढच्या ताऱ्यांत ते वरचढ. हा १ टक्का प्रत्यक्ष पकडला गेला २०२० मध्ये. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगाने चक्रातले न्यूट्रिनो मोजले, दर १०० टन द्रवामागे दिवसाला सुमारे ७ घटना.

१९६७ च्या नोबेलच्या मानपत्रात अणुकेंद्रकीय अभिक्रियांचा सिद्धांत आणि विशेषतः ताऱ्यांतली ऊर्जानिर्मिती असं म्हटलं आहे, म्हणजे दोन्ही मार्ग त्यात येतात.

जाता जाता: हा निबंध छपाईला गेल्यावर बेथेंनी परत मागवला होता. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ५०० डॉलरचं बक्षीस अप्रकाशित निबंधासाठी होतं आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट मार्शाक याने ते दाखवून दिलं. बक्षीस मिळालं. मार्शाकला ५० डॉलर, आणि २५० डॉलर आईचं घरसामान जर्मनीतून सोडवायला गेले. (हेच मार्शाक पुढे ई. सी. जी. सुदर्शन यांचे मार्गदर्शक.)

---

पारिजातक

त्रिज्या, कोकणकडा, अर्धायू, तिघांचेही मनापासून आभार. ड्यूटेरॉन आणि घातांची तुलना दोन्ही घेतो. लँब शिफ्टचं गणित मात्र पुस्तकात बघितलं तर क्षेत्रसिद्धांताची चार प्रकरणं आधी लागतात. एमएस्सी पहिल्या वर्षाला ते झेपेल असं मांडता येईल का?

---

त्रिज्या

येईल. पुस्तकात असते ती सापेक्षतावादी आवृत्ती. बेथेंनी गाडीत केली ती असापेक्ष, आणि तिला क्वांटम मेकॅनिक्सचा नेहमीचा दुसऱ्या क्रमाचा विक्षोभ सिद्धांत पुरतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. शेल्टर आयलंड परिषद, २ ते ४ जून १९४७. हायड्रोजनच्या २एस आणि २पी या पातळ्या डिरॅकच्या सिद्धांतानुसार एकाच उंचीवर हव्यात, पण लँब आणि रेदरफर्ड यांना त्यांत सुमारे १००० मेगाहर्ट्झचं अंतर सापडलं होतं. (हे रेदरफर्ड वेगळे. स्लाइडवर रदरफोर्ड लिहाल तर कुणीतरी नक्की टोकेल.) इलेक्ट्रॉनची स्वतःच्याच विद्युतचुंबकीय क्षेत्राशी होणारी आंतरक्रिया मोजायला गेलं की उत्तर अनंत येत होतं. क्रामर्स यांनी परिषदेत मांडलं होतं की या अनंतातला काही भाग मुक्त इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात आधीच धरलेला असतो.

बेथेंनी तेवढंच केलं. बद्ध इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून तितक्याच गतीच्या मुक्त इलेक्ट्रॉनची ऊर्जा वजा केली. वजाबाकीनंतर अनंत पूर्ण जात नाही, पण रेषीय होतं ते लॉगरिदमी होतं. मग फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या विराम ऊर्जेपर्यंतच (५११ केईव्ही) घ्यायची असं ठरवलं. पूर्ण सापेक्षतावादी सिद्धांतात बेरीज तिथेच आपोआप आवरली जाईल असा त्यांचा कयास होता.

आकडे:

सूक्ष्मरचना स्थिरांकाचा घन ३.८८६ × १० चा उणे ७ वा घात. रिडबर्ग वारंवारता ३.२९ × १० चा ९ वा घात मेगाहर्ट्झ. गुणाकार १२७८.

त्याला ८ ÷ (३ × पाय), म्हणजे ०.८४९ ने गुणा: १०८५.

मुख्य क्वांटम अंक २, त्याचा घन ८, त्याने भागा: १३५.६ मेगाहर्ट्झ. बेथेंच्या निबंधात हाच आकडा १३६ म्हणून दिसतो.

आता लॉग. ५११००० इव्ही भागिले सरासरी उत्तेजन ऊर्जा. बेथेंनी ती १७.८ रिडबर्ग धरली, म्हणजे २४२ इव्ही. भागाकार २१११, नैसर्गिक लॉग ७.६५. गुणा: १०३८. बेथेंनी ७.६३ वापरून १०४० छापलं.

दोन ठिकाणी गडबड होते. एक, कॅल्क्युलेटरवर १० पायाचा लॉग दाबला जातो आणि उत्तर ४५१ येतं. दुसरी गडबड जास्त खोल आहे. ‘सरासरी उत्तेजन ऊर्जा’ २४२ इव्ही कशी, हायड्रोजनचं आयनीभवन तर १३.६ इव्हीत होतं, असं कुणीतरी विचारेलच. ही साधी सरासरी नव्हे, लॉगची भारित सरासरी आहे, आणि एस-अवस्थेतला इलेक्ट्रॉन केंद्रकापाशी असल्याने खूप वरच्या, मुक्त अवस्थांचा भार मोठा असतो. फळ्यावर ती बेरीज करत बसू नका, तयार मूल्य घ्या. आजचं मूल्य १६.६४ रिडबर्ग, त्याने १०४७ येतात. मोजलेलं अंतर १०५७.८. उरलेला फरक सापेक्षतावादी दुरुस्त्यांचा. त्यात निर्वात ध्रुवीभवनाचे उणे २७ मेगाहर्ट्झही आले.

छाटणीची मर्यादा मनाने ठरवली, मग उत्तर इतकं जवळ कसं? मर्यादा दुप्पट करून बघा. लॉग फक्त ०.६९ ने वाढतो, उत्तर ९४ मेगाहर्ट्झने, म्हणजे ९ टक्क्यांनी. लॉग असल्यामुळे कयास थोडा इकडे तिकडे झाला तरी निभावतं.

गाडीची गोष्ट खरी. परिषदेनंतर बेथे स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत सल्लागार म्हणून चालले होते. डब्यात सूत्र तयार झालं, पण प्रारण पदातला √२ चा गुणक बरोबर आहे की नाही याची खात्री नव्हती. तो त्यांनी तिथे पोचल्यावर पुस्तकात तपासला. निबंध ऑगस्ट १९४७ च्या फिजिकल रिव्ह्यूत आला. कॉर्नेलमध्ये तेव्हा फाइनमन होते, त्याच वर्षी डायसन विद्यार्थी म्हणून आले, आणि पुढची सापेक्षतावादी उभारणी बरीचशी याच आकड्याभोवती झाली.

---

वैश्विक

भाभांचा प्रश्न राहिला. दुवा पक्का आहे आणि मुंबईकरांना तो माहीत असायला हवा.

१९३४ मध्ये बेथे आणि वॉल्टर हाइटलर यांनी दोन प्रक्रियांचे काटछेद काढले: वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ वळताना फोटॉन टाकतो, आणि जोरकस फोटॉन केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी निर्माण करतो. १९३७ मध्ये होमी भाभा आणि त्याच हाइटलर यांनी या दोन प्रक्रिया एकीपुढे एक जोडल्या. इलेक्ट्रॉनपासून फोटॉन, फोटॉनपासून जोडी, जोडीपासून पुन्हा फोटॉन, असा वर्षाव. वैश्विक किरणांचे अचानक दिसणारे झोत यातून उलगडले. बेथे-हाइटलरचे आकडे नसते तर या वर्षावाचा हिशेबच मांडता आला नसता.

पाच मिनिटांत फळ्यावर होईल असा अंदाज: हवेत प्रारण लांबी (जेवढ्या जाडीत इलेक्ट्रॉन आपली बहुतेक ऊर्जा फोटॉन टाकून गमावतो) ३६.६ ग्रॅम प्रति चौरस सेंमी, क्रांतिक ऊर्जा (जिच्या खाली वर्षाव वाढायचा थांबतो) सुमारे ८५ एमईव्ही. १० चा १२ वा घात इव्हीचा इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला. ऊर्जा भागिले क्रांतिक ऊर्जा = सुमारे ११,८००, हीच शिखरावरच्या कणांची ढोबळ संख्या. तिचा नैसर्गिक लॉग ९.४, म्हणजे शिखर ९.४ प्रारण लांबींवर, ३४३ ग्रॅम प्रति चौरस सेंमी. सबंध वातावरण १०३० चं. तेव्हा शिखर खूप उंचावर असतं आणि जमिनीवर त्याचा थोडाच अंश पोचतो.

बेथे-हाइटलरच्या निबंधाबाबत एक गैरसमज काही वर्षं टिकला होता. वैश्विक किरणांतले काही कण शिशाच्या जाड थरांतून आरपार जात, आणि सूत्र म्हणे की इलेक्ट्रॉनने अर्ध्या-एक सेंटिमीटरला ऊर्जा गमवायलाच हवी. स्वतः बेथेंसह अनेकांना वाटलं की जास्त ऊर्जेला सिद्धांतच कोसळतो. सिद्धांत ठीक होता. ते कण इलेक्ट्रॉन नव्हतेच, म्यूऑन होते, आणि १९३७ मध्ये अँडरसन आणि नेडरमायर यांनी ते दाखवलं.

दुसरं, १९३० च्या ऊर्जाऱ्हासाच्या सूत्राला आजचा उपयोग जोडा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगावर प्रोटॉन उपचार होतात. प्रोटॉन शरीरात किती खोल थांबेल याचा पाया हेच सूत्र. पाण्यात १५० एमईव्हीचा प्रोटॉन घ्या: वेगाचा वर्ग (प्रकाशवेगाच्या तुलनेत) ०.२५७. आधीचा गुणक ०.३०७ × ०.५५५ ÷ ०.२५७ = ०.६६४. कंसात लॉग: १०.२२ लाख इव्ही × ०.३४५ ÷ ७५ = सुमारे ४७००, नैसर्गिक लॉग ८.४६, वजा ०.२६ = ८.२०. गुणाकार ५.४ एमईव्ही प्रति सेंमी. प्रोटॉन जसा हळू होतो तसा वेगाचा वर्ग छेदात लहान होत जातो आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये ऊर्जा एकदम ओतली जाते. १५० एमईव्हीला एकूण खोली १५.७ सेंमीच्या आसपास.

यात सगळ्यात नाजूक आकडा ७५ इव्हीचा, पाण्याची सरासरी आयनीभवन ऊर्जा. तो ७८ धरला तर ऱ्हास अर्धा टक्का कमी येतो आणि २० सेंमी खोलीवर १ मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय प्रोटॉनची ऊर्जा १ एमईव्हीच्या खाली गेली की कवच दुरुस्त्या घातल्याशिवाय सूत्र वापरू नये.

---

कोकणकडा

युद्धकाळ अजून कुणी घेतला नाही, तो टाळून चालणार नाही. १९४३ पासून लॉस अलामॉसमध्ये (अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत) बेथे सैद्धांतिक विभागाचे प्रमुख होते. क्रांतिक वस्तुमान, स्फोटाची कार्यक्षमता, आतल्या दिशेने होणाऱ्या स्फोटाचं द्रवगतिकी गणित, हे सगळं त्यांच्या विभागाकडे. प्रमुखपद आपल्याला मिळालं नाही याचा एडवर्ड टेलर यांना राग होता, हे दोघांच्या पुढच्या वितुष्टाचं एक मूळ.

हायड्रोजन बाँबबाबत त्यांची भूमिका सरळ एका ओळीत बसत नाही, तशी बसवूही नका. १९५० मध्ये त्यांनी जाहीर विरोध केला. १९५१ मध्ये टेलर-उलाम रचना पुढे आल्यावर, आता सोव्हिएत संघही तो करू शकेल असं दिसल्याने, त्यांनी त्या कामात भाग घेतला. १९५४ मध्ये ओपेनहायमरच्या चौकशीत त्यांनी ओपेनहायमरच्या बाजूने साक्ष दिली. १९५८ च्या जिनिव्हा तज्ज्ञ परिषदेत अणुचाचण्या दुरून ओळखता येतील का या प्रश्नावर त्यांनी काम केलं, आणि १९६३ चा अंशतः चाचणीबंदी करार त्याच वाटेवरचा. १९६८ मध्ये गार्विन यांच्यासोबत क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे दोष मांडणारा लेख लिहिला. १९९५ मध्ये, हिरोशिमाला ५० वर्षं झाली तेव्हा, नवी अण्वस्त्रं घडवण्याचं आणि सुधारण्याचं काम थांबवा असं त्यांनी जगभरच्या शास्त्रज्ञांना उघड आवाहन केलं. या माणसाने अस्त्राचं गणितही केलं आणि पुढची चाळीस वर्षं त्याला आवर घालण्याचंही. माझ्या मते व्याख्यानात याला निदान सात-आठ मिनिटं द्यायला हवीत.

आणखी एक: १९४८ च्या अल्फर-बेथे-गॅमो निबंधाचं श्रेय बेथेंना देऊ नका. अल्फा-बीटा-गॅमा असा क्रम जुळावा म्हणून गॅमोंनी नाव घातलं होतं, काम अल्फर आणि गॅमो यांचं.

निवृत्ती १९७५. त्यानंतर गेराल्ड ब्राउन यांच्यासोबत अतिनवताऱ्यांवर काम सुरू केलं. १९८५ मध्ये, म्हणजे वयाच्या ७९ व्या वर्षी, जेम्स विल्सन यांच्यासोबत दाखवलं की थबकलेली आघात-लाट न्यूट्रिनोंच्या उष्णतेने पुन्हा चालू होऊ शकते. आजची बहुतेक प्रतिरूपं याच वाटेने जातात.

---

पारिजातक

फारच मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. प्रश्नोत्तरांत वेळ उरला तर वस्तुमान सूत्र (केंद्रकाची बंधनऊर्जा काढण्याचं, बेथे-वाइत्सॅकर यांच्या नावाचं) घ्यावं म्हणतो. पण दोन पुस्तकांत दोन प्रकारचे गुणांक आहेत, आणि लोहाचं उत्तर एकात भलतंच येतंय.

---

अर्धायू

मूळ सूत्र वाइत्सॅकर यांचं, १९३५. बेथे आणि बाखर यांनी १९३६ मध्ये ते सुटसुटीत केलं, म्हणून दोघांचं नाव.

लोह-५६, प्रभार २६, न्यूट्रॉन ३०. घनमूळ ३.८२६, त्याचा वर्ग १४.६४.
आकारमान: १५.७५ × ५६ = ८८२.०
पृष्ठभाग: १७.८ × १४.६४ = २६०.५, वजा
प्रभारांचं अपकर्षण: ०.७११ × ६७६ ÷ ३.८२६ = १२५.६, वजा
असमतोल: २३.७ × १६ ÷ ५६ = ६.८, वजा
जोडी: ११.१८ ÷ ७.४८ = १.५, अधिक
एकूण ४९०.६ एमईव्ही. मोजलेलं ४९२.३.

‘भलतंच’ येण्याची कारणं बहुधा या तीनपैकी एक. काही पुस्तकं असमतोलाच्या पदात न्यूट्रॉन-प्रोटॉन फरकाचा वर्ग घेतात, तर काही त्या फरकाच्या निम्म्याचा. दुसऱ्या रीतीत गुणांक चौपट, ९४.८ हवा. दुसरं, अपकर्षणात ६७६ ऐवजी २६ × २५ घेतात. त्याने वरच्याच गुणांकांवर ४९५.४ येतं. तिसरं, जोडीच्या पदात कुणी वर्गमूळ घेतं, कुणी पाऊण घात, आणि पाऊण घात असेल तर गुणांक ३४ च्या आसपास असतो. एका पुस्तकाचे पाचही गुणांक त्याच पुस्तकाच्या सूत्रात घाला. तुमचं उत्तर ४७० च्या आसपास येत असेल तर ९४.८ चा गुणांक पूर्ण फरकाच्या वर्गाला लागलाय असं समजा. तेवढ्यानेच २० एमईव्ही जास्त वजा होतात.